बंबापाशी तिसरा माणूस

मी कॉफीचा बंब बोलतोय. अमेरिकेतल्या टॅमरॅक या छोट्या गावाच्या नगर परिषदेच्या सभागृहात, मागच्या भिंतीशी झेंड्याच्या डाव्या अंगाला जे घडीचं टेबल आहे, त्यावर मी उभं आयुष्य काढलं. सध्या कपाटात असतो, त्याबद्दल पुढे सांगेन. पुढच्या बाजूच्या चामड्याच्या खुर्च्यांवरची माणसं दर निवडणुकीत बदलली. मी बदललो नाही. मला कुणी निवडून दिलं नव्हतं, त्यामुळे पाडताही आलं नाही.

माझा जन्म शेजारच्या राज्यातल्या एका कारखान्यातला. अंग ॲल्युमिनियमचं, दोन बाजूंना दोन काळे कान, पोटाशी तोटी आणि पायाशी लाल दिवा. दिवा लागला की कॉफी तयार. आपण कधी तयार आहोत आणि कधी नाही हे इतकं स्वच्छ सांगणारा नगरसेवक माझ्या पाहण्यात नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतलं लूथरन चर्चच्या महिला मंडळाने. बारशी, लग्नं, मयती अशा सगळ्या प्रसंगांना मी एकाच चवीची कॉफी दिली. मंडळातल्या कुणा धोरणी बाईने नेलपॉलिशने माझ्या पोटावर लिहून ठेवलं, ‘लूथरन चर्चचा. परत करावा.’ नदीला पूर आला तेव्हा वाळूची पोती भरणाऱ्या लोकांसाठी परिषदेने मला उसना नेलं, ते नेलंच. अक्षरं अजून आहेत. सरकारी खात्यात गेलेली वस्तू परत येईल असं समजणारं ते मंडळ फार भाबडं होतं.

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगतो. माझी तोटी संथ आहे. एक कप भरायला इतका वेळ लागतो की माणसाला बाजूच्या माणसाशी बोलावंच लागतं. आधी हवामानावर, मग मासेमारीवर, आणि कप काठोकाठ येईतो मुद्द्यावर. मी या खोडीला गुण मानतो.

आता इथला कायदा सांगतो, कारण सगळं त्यावर अडलेलं. परिषदेत माणसं पाच, नगराध्यक्ष धरून. तिघं जमले की गणपूर्ती झाली. आणि गणपूर्ती झालेल्यांनी गावाच्या कामाबद्दल चकार शब्द काढला, तर ती जाहीर नोटीस न देता भरवलेली सभा, म्हणजे गुन्हा. त्यामुळे माझ्यापाशी दोन नगरसेवक बोलत असले आणि तिसरा कप घेऊन आला, की दोघांतला एक निमूट निघून जायचा. कितीदा अर्धा कप घेऊन! हे पाहायला व्हर्ना होती. व्हर्ना ही परिषदेची कारकून. चष्म्यावरून बघत जागेवरूनच ओरडायची, “तिसरा!” की माझ्याभोवतीची माणसं कोंबड्यांसारखी पांगायची. तिच्या कारकिर्दीत गावात बेकायदा सभा झाली नाही. नगराध्यक्ष तिला वचकून असत, आणि ते योग्यच होतं.

दुसरा रिवाज लेखी नाही, पण कायद्याहून कडक आहे. माझ्या शेजारी बशीत लिंबाच्या वड्या असतात. त्यातली शेवटची वडी कुणी घ्यायची नाही. सुरीने अर्धी करून अर्धी घ्यायची. पुढचा त्या अर्धीची अर्धी करतो. सभा संपेतो बशीत जे उरतं ते मुंगीला पुरत नाही, पण ते उरतं. टॅमरॅकमध्ये हावरा म्हणवून घेण्यापेक्षा माणसं उपाशी राहतील.

त्या हिवाळ्यात काय झालं ते ऐका.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या मर्ल थोरसन या म्हाताऱ्याला मधुमेह आहे. दिवाळं निघाल्यासारखी त्याची साखर कधी कधी एकदम खाली येते. मग घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते आणि तो भलतंच बोलतो. एका संध्याकाळी धान्याच्या कोठाराजवळ त्याला तसं वाटायला लागलं, म्हणून शहाण्यासारखी त्याने गाडी कडेला घेतली. तिथे पोलीस आला. कोडी लिंडर, नोकरीत नवा, बाहेरगावचा. त्याला वाटलं, म्हातारा पिऊन तर्र आहे. खाली उतर म्हणाला, मर्लने स्टिअरिंग सोडलं नाही. कोडीने ओढलं. मर्लचा खांदा निखळला. बेड्या घालून त्याला चौकीत नेलं, आणि त्याची बायको आर्डिस संत्र्याचा रस घेऊन धावत पोचली म्हणून तो वाचला.

खांदा बसला. मर्ल मात्र घरात बसला. रोज सकाळी पेट्रोल पंपावर चार मित्रांत फासे टाकून कॉफीचं बिल कुणाच्या माथी मारायचं ते ठरवायचा, ते सुटलं. आर्डिसचं म्हणणं एवढंच होतं, की गावातल्या चारही पोलिसांना नीट शिकवा, आजारी माणूस आणि प्यालेला माणूस वेगळा ओळखायला. म्हणजे माझा नवरा पुन्हा दाराबाहेर पडेल.

गावाने यावर दोन तट पाडले. पोलीस प्रमुख वेंडेल म्हणाले, राज्य सांगतं तेवढं शिक्षण आमचं झालंय. शिल्लक रकमेतून गस्तीसाठी बर्फावरची गाडी घ्या. नगरसेवकांपैकी धान्य-खताचा दुकानदार लेरॉय त्यांच्या बाजूने. शाळेत ग्रंथपाल होती ती कॉनी आर्डिसच्या बाजूने. उरलेले दोन नगरसेवक आणि नगराध्यक्ष यांची मतं नेहमीप्रमाणे शेवटच्या वडीसारखी होती, अर्धी अर्धी.

सभेच्या दिवशी सभागृह भरून माणसं दारात उभी. मी काठोकाठ भरलेला. मर्ल आला, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. आर्डिसने अक्षरशः कोट घालून आणला होता. कोपऱ्यात कोडी उभा होता, बुटांच्या टोकांकडे बघत.

आर्डिस बोलायला उठली. नियमाप्रमाणे आधी नाव आणि पत्ता सांगायचा.

“आर्डिस थोरसन, मेपल रस्ता,” ती म्हणाली. “लेरॉय, रविवारी तू माझ्याच घरी जेवलास, तरी सांगते. पिवळं घर.”

लोक हसले. लेरॉयही हसला.

“मला कुणाची नोकरी घालवायची नाहीये,” ती पुढे म्हणाली. “त्या पोरावर रागही नाही माझा. त्याला कुणी शिकवलंच नाही, तर तो ओळखणार कशावरून? माझा नवरा सकाळी खिडकीपाशी बसतो आणि पंपाच्या दिशेने बघतो. मला तो तिकडे गेलेला हवाय. संपलं माझं.”

वेंडेल उठले. चांगला माणूस, पण गणवेश घातला की वाक्यंही इस्त्री केलेली बाहेर पडतात. “झालं ते वाईट झालं, आर्डिस. पण ती एका नवख्या पोराची चूक. मी तीस वर्षं या गावात गस्त घालतोय. प्यालेला माणूस कोण आणि आजारी कोण, हे मला कोर्सात बसून शिकायला नको. अंधारातही ओळखेन.”

टाळ्या पडल्या. लेरॉयच्या सगळ्यात मोठ्या. नगराध्यक्षांनी हवा ओळखून सभा दहा मिनिटं तहकूब केली. तहकूब म्हणजे माझी पाळी.

पहिला लेरॉय आला, मग कॉनी. नियमात बसत होतं.

“बर्फाची गाडी!” कॉनी कप तोटीखाली धरत म्हणाली. “चोर काय तळ्यावरून घसरत पळणार आहेत?”

“मागच्या साली दोन मासेमार अडकले होते बर्फात, बाईसाहेब.”

“एक तुझा मेहुणा होता. त्याला तिथेच ठेवायचा ना!”

“ते मीही म्हणालो होतो,” लेरॉय म्हणाला.

एवढ्यात मर्ल माझ्यापाशी आला. गडबडीत त्याचं जेवण राहिलं होतं आणि इन्शुलिनचं इंजेक्शन मात्र घेऊन झालं होतं, हे नंतर कळलं. त्याने कप धरला तो तोटीच्या बाजूला. कॉफी टेबलावर. कपाळावर घामाचे थेंब.

“बस सुटली का?” तो लेरॉयला म्हणाला. “पोरांना... पोरांना मोजायचंय.”

“कसली बस, मर्ल?”

मर्लने टेबल धरलं. टेबल हललं, मीही हललो. मागून वेंडेल आले, त्यांनी मर्लचा दंड पकडला, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काय रे मर्ल? सभेला पिऊन आलास होय?”

माझं उकळणं तेवढं ऐकू येत होतं.

आर्डिस गर्दीतून वाट काढत होती. “साखर!” ती ओरडली. “त्याला साखर द्या कुणीतरी!”

वेंडेलचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्या शेजारच्या गुलाबी पुड्या ओरबाडल्या, चार-पाच फाडून कपात ओतल्या आणि मर्लच्या ओठाला कप लावायला गेले.

“ती साखर नाही, चीफ!” कोडी कधी कोपऱ्यातून निघाला ते कुणाला कळलं नाही. “ती वजन कमी करणाऱ्यांची नकली साखरेची पुडी आहे. तिचा उपयोग नाही.”

बशीत एकच वडी उरली होती. सबंध. तिच्या शेजारी सुरी ठेवलेली, आणि आसपासची सगळी माणसं सवयीने तिच्यापासून वीतभर दूर. कोडीने ती उचलली. अख्खी. मर्लला खुर्चीत बसवून, तुकडा तुकडा करून त्याच्या तोंडात दिली. “चावा, मिस्टर थोरसन. हं. गिळा. घाई नाही.”

“तुला कसं रे ठाऊक?” कॉनीने विचारलं.

“त्या दिवसापासून वाचतोय,” कोडी म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी. जेवढं सापडलं तेवढं.”

आर्डिसने रसाची बाटली आणली. हळूहळू मर्लच्या डोळ्यांत मर्ल परत आला. त्याने आजूबाजूला पाहिलं, मग रिकाम्या बशीकडे पाहिलं.

“शेवटची वडी मी खाल्ली?” तो ओशाळून म्हणाला. “अर्धी तरी ठेवायची!”

माणसं हसली, आणि काहींनी हसता हसता डोळे पुसले. वेंडेल कुणाकडे न बघता उभे होते. नगराध्यक्ष पुढे आले, मागून उरलेले दोघेही. लेरॉय घसा खाकरून म्हणाला, “वेंडेल, तुम्ही दोघं एका वर्गात होता. तुलासुद्धा कळलं नाही, तर...”

“तिसरा!” व्हर्नाचा आवाज आला. “तिसरा, चौथा आणि पाचवा! बाजूला व्हा! गावाच्या कामाबद्दल बोलताय तुम्ही!”

माझ्या हयातीत पहिल्यांदा कुणी हललं नाही. लेरॉय हलला नाही, कॉनी हलली नाही. पाच जण माझ्याभोवती कप धरून उभे, आणि खुर्चीत मर्ल.

व्हर्नाने चष्मा काढला. तिला पेच पडला होता, पण कारकुनी पेशात मुरलेली बाई ती. उठून चालत आली आणि नगराध्यक्षांना म्हणाली, “मग सभा इथेच सुरू करा. नोटीस लागलेली आहे, लोक हजर आहेत, विश्रांती संपली म्हणून जाहीर करा. कुठे उभं राहून भरवायची हे कायद्यात लिहिलेलं नाही.”

“हातोडा तिकडे टेबलावर आहे, व्हर्ना.”

“मग चमचा घ्या!”

नगराध्यक्षांनी वड्या वाढायचा जड चमचा उचलला आणि माझ्या झाकणावर हाणला. हाणला म्हणजे काय, खणकन आवाज झाला आणि पोचा पडला. सभा सुरू झाली.

लेरॉयने ठराव मांडला. होय, लेरॉयने. चारही पोलिसांना शिक्षणाला पाठवावं, बर्फाची गाडी पुढे बघू. कॉनीने अनुमोदन दिलं. मत घेण्याआधी वेंडेल बोलले, आणि पहिल्यांदा त्यांच्या वाक्याला इस्त्री नव्हती. “पहिलं नाव माझं घाला. अंधारात ओळखेन म्हणालो होतो... इथे सगळे दिवे चालू आहेत.”

पाच विरुद्ध शून्य. दुसऱ्यांदा चमचा पडला, तोही त्याच पोच्यावर.

इतिवृत्तात व्हर्नाने लिहिलं, ‘सभा बंबापाशी पुन्हा सुरू झाली.’ मी सहीनिशी शासकीय दप्तरात आहे. इतर बंबांनी कॉफी दिली असेल, पण त्यांच्या डोक्यावर ठराव मंजूर झालेला नाही.

दोन वर्षं झाली. व्हर्ना निवृत्त झाली. नव्या प्रशासकांनी एक झटपट यंत्र आणलंय. बटण दाबलं की एक कप, चार श्वास व्हायच्या आत तयार. माणूस येतो, दाबतो, जातो, कुणाशी बोलत नाही. मला नाताळच्या दिव्यांच्या माळांशेजारी कपाटात ठेवलंय. तक्रार नाही. मात्र परवा यंत्रापाशी दोन नगरसेवक उभे होते आणि एकमेकांना ओळख दाखवण्याआधीच त्यांचे कप भरले, हे फटीतून मला दिसलं आणि वाईट वाटलं.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढतात. पोलिसांच्या शिक्षणाची उजळणी इथेच, सभागृहात होते, आणि त्या दिवशी कोडी स्वतः मला खाली उतरवतो, घासतो, शेजारी खऱ्या साखरेची बरणी ठेवतो. आसपासच्या गावांचे पोलीसही येतात. त्यांना शिकवायला येणाऱ्यांत एक मर्ल असतो. साखर खाली गेली की आतून कसं वाटतं, हे तो सांगतो. बसची पोरं का मोजत होतो, तेही सांगतो. सकाळी पंपावर हरलेला असला तर थोडा कुरकुरत येतो. हल्ली बरेचदा हरतो, आणि आर्डिस म्हणते, हरू दे, गेला हे महत्त्वाचं.

गेल्या खेपेला मर्ल माझ्यापाशी कप भरत होता. कोडी आला, दुसरा. मग वेंडेल आले, आता निवृत्त, गणवेश उतरवलेले, हातात काठी. तिसरा. माझी तोटी आपल्या चालीने चालली होती. मर्लने बशीतली सुरी उचलून बाजूला ठेवली आणि एक सबंध वडी वेंडेलच्या हातात दिली.

“घे,” म्हणाला. “गाव बघतंय, पण घे.”

कपाटातून भंगारात जायची माझी पाळी कधीतरी येईल. ॲल्युमिनियम वितळतं, मला माहीत आहे. तोवर एक विनंती आहे. कुणी हौशी माणूस मला दुरुस्त करायला घेईल, तर तोटी संथच राहू द्या. आणि झाकणावरचा तो पोचा ठोकून सरळ करू नका. मी तो मिळवलाय.