काटाबाईचं दोन किलोचं वजन

मी एक जुनं दोन किलोचं लोखंडी वजन आहे, आणि मित्रांनो, आज मी एका मुलाची चुगली करणार आहे. मुलगा म्हणजे तुमच्यासारखा शाळेत जाणारा नव्हे. डोक्यावर निम्मेच केस उरलेत, नाकावर चष्मा आहे, जिना चढून आला की धापा टाकतो. पण आईपुढे लेक तो लेकच. त्यानं जे केलं ते आईच्या नकळत केलं, माझ्यादेखत केलं, आणि मला एक शब्द बोलता आला नाही. वजनाला तोंड नसतं. असतं, तर त्या दिवशी अख्खी गल्ली गोळा केली असती मी.

लोखंडाच्या तुकड्यानं बाईमाणसासारखं 'आले, गेले' कशाला म्हणावं, असं कुणाला वाटेल. चाळीस वर्षं एका बाईच्या हाताखाली काढलीत. तिचीच जीभ मला लागली, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या वाळूत साचा दाबला, त्यात रसरशीत लोखंड ओतलं आणि थंड झाल्यावर मला बाहेर काढून झटकलं. सहा कोपरे, वर दोनाचा आकडा, पोटाला एक भोक. त्या भोकात शिसं भरलं. थोडं जास्त झालं ते खरवडलं, आणि काटा अगदी मधोमध आला तेव्हा शिशावर सरकारी शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार ताठा. माणसं स्वतःच 'मी खरा, मी खरा' म्हणत फिरतात. मला म्हणावं लागत नसे.

मी आले ती एका खिळेमोळ्यांच्या दुकानात. खाली दुकान, वर घर, मध्ये अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना. खिळे, तार, साखळ्या, कड्या, बिजागऱ्या. मालकीण तरणी होती, नवरा नुकताच गेलेला, पदरात दोन लेकरं. शाळा म्हणाल तर दुसरी इयत्ता, तीही अर्धी. पाटी वाचताना अडखळायची. पण तराजूचा काटा मधोमध आल्याशिवाय पुडा बांधला नाही तिनं कधी. सुतार-गवंडी तोंडावर 'मावशी' म्हणत आणि पाठ वळली की 'काटाबाई'. तिला ते ठाऊक होतं. आवडायचंही, पण तसं दाखवेल तर ती कसली!

एकदा एक सुतार लाडात आला. "मावशी, चार खिळे वर टाका की. रोजचं गिऱ्हाईक आहे मी."

"वर कशाला टाकू? दोन किलो मागितलेस, दोन किलो दिले. कमी दिले तर चोर मी, फुकट मागितलेस तर भिकारी तू. राहू दे की दोघांची अब्रू."

तिचा हात म्हणजे दुसरा तराजूच होता. दर दोन वर्षांनी वजनं तपासायला साहेब यायचे. एका वर्षी त्यांनी गंमत म्हणून पुड्यातून मूठभर खिळे काढून घेतले आणि पुडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं डोळे मिटले. "साहेब, मूठभर खिळे तुमच्या खिशात गेलेत. ते काढा, मग चहा." साहेब खो खो हसले, माझ्या पोटावर नवा शिक्का मारला आणि चहा पिऊन गेले. ते माझे भरभराटीचे दिवस.

मग मुलगा मोठा झाला आणि त्यानं आकड्यांचा काटा आणला. वर माल ठेवायचा, खाली लाल आकडे दिसायचे. झालं आमचं काम. पाच किलोचं थोरलं वजन बाहेरच्या ताडपत्रीवर दाबायला गेलं. मी, एक किलोचा धाकटा आणि अर्ध्या किलोचं पिल्लू, आम्ही जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात पडलो. वर्षानुवर्षं कुणी साधं फडकं मारलं नाही. अंगावर गंज चढला, शिक्का पुसट झाला. कुणी विचारलं असतं, 'तू अजून पुरती दोन किलो आहेस का,' तर छातीठोकपणे सांगता आलं नसतं मला. शिक्क्यावर जगणाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही.

काटाबाई मात्र सत्तरीतही गल्ल्यावर बसत होती. दिवसातून दहा वेळा जिना चढायची-उतरायची. एक दिवस ओल्या फरशीवर पाय सटकला आणि गुडघ्याची वाटी फुटली. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर काढलं तेव्हा मांडी पार निम्मी झालेली. ती बघून ती म्हणाली, "हा कुणाचा पाय लावलात मला?"

व्यायाम शिकवायला एक उंच मुलगी घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी काटाबाईनं तिला विचारलं, "उठाबशा काढू ना? समोरच्या व्यायामशाळेतली पोरं शंभर काढतात."

"अजिबात नाही आजी. तुमचा गुडघा अजून कच्चा आहे. उठाबशांचा भार त्याला पेलायचा नाही."

"मग बसल्या जागी पाय भरणार होय? मांडी काय वाटीत विरजण लावलंय, आपोआप घट्ट व्हायला?"

"बसल्या जागीच भरणार, पण आपोआप नाही," मुलगी हसत म्हणाली. "खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग हळूहळू खाली. पलंगावर पडून सरळ पाय वर. खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या. ते जमलं की घोट्याला वजन बांधू. आधी अर्धा किलो, मग एक, मग दोन. दोन किलो दहा-दहाच्या तीन खेपा निघालं, की जिन्याचं बघू."

"वजनं ना? ती आहेत घरात. बेकार बसलीत माझ्यासारखी."

मुलानं आम्हा तिघांना कोपऱ्यातून वर आणलं. काटाबाईनं मला तळहातावर घेतलं, फडक्यानं खसाखसा पुसलं आणि डोळे मिटले. "झडलीस गं थोडी," ती मला म्हणाली. "चालायचंच. मी पण झडले." मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

सुनेनं जाड कापडाची पिशवी शिवली, तिला बांधायला दोन बंद. काटाबाईला वाकून घोट्यापर्यंत हात नेता येत नसे, म्हणून पिशवी बांधायचं आणि सोडायचं काम मुलाचं. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

तिच्या लेकीचं घर दुसऱ्या गावात, तळमजल्यावर. तिचा फोन आला. "महिनाअखेरच्या रविवारी गाडी घेऊन येते. तोवर आईला जिना जमला नाही तर तिला मी घेऊन जाणार."

काटाबाईनं फोन ओढून घेतला. "तुझ्याकडे येऊन मी काय करू? तिथे माझं एक तरी गिऱ्हाईक आहे का?"

"आराम कर ना, आई."

"आराम मेल्यावर आहेच. तो कुणी हिसकावून घेत नाही."

आणि ती कामाला लागली. पिल्लू आठवड्यात निघालं. धाकटा दहा दिवसांत. मग माझी पाळी आली. पहिल्या दिवशी पाय दोनदा वर आला. दुसऱ्या दिवशी तीनदा, मग चारदा. चौथ्या दिवशी सहा वेळा आला आणि सातव्या वेळी अर्ध्यातून धाडकन खाली पडला. तिला घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. तिला दिसत होतं ते एवढंच, की तिसातले सहाच झाले आणि रविवार आठ दिवसांवर आला. पण मी तिच्या घोट्याला बांधलेली होते. मला आतून कळत होतं, की मांडी थरथरते खरी, पण कालच्यापेक्षा उशिरा थरथरते. वाढत होती ती, रोज एकेका दाण्यानं! हे सांगायला मी सोडून दुसरं कुणी नव्हतं, आणि मी मुकी. मला हलकंही होता येत नव्हतं. जड असणं एवढंच आम्हाला येतं.

त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली. ताट तसंच परत गेलं. "लेकीला कळवा," ती म्हणाली. "माझे कपडे भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती तोंड धूत असताना, मुलानं पिशवी उसवली. मला बाहेर काढलं. आत धाकट्याला ठेवलं आणि भोवती चिंध्या कोंबल्या, पिशवी फुगलेली दिसावी म्हणून, आणि तोंडाला पुन्हा टाके घातले.

सून दारात उभी होती. "अहो, हे काय करताय?"

"हळू बोल. चार दिवस हसू दे तिला. नाहीतरी जायचंय ताईकडेच."

"आणि जिन्यावर पाय टाकला तर?"

"ती कशाला जाते जिन्यावर!"

मला त्यानं जिन्याच्या दाराशी नेलं आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकण लावलं. तिथून खोली दिसत होती आणि जिनाही. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

'आई, आज एकदाच बघ' म्हणत त्यानं तिला खुर्चीत बसवलं, आणि त्या दिवशी तिचा पाय दहा वेळा वर आला. ती थबकली, पायाकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली. पायाला काय कळतंय? हातात घेती तर क्षणात ओळखती. तीन दिवसांत तिसाचा आकडा गाठला. खिडकीतून ओरडून तिनं खालच्या सुताराला सांगितलं, "अरे, दोन किलो! तीस वेळा! तुझ्या बायकोला सांग, म्हणावं काटाबाई येतेय खाली!"

मुलगा समोर बसून आकडे मोजायचा. नजर फरशीवर.

मधल्या बुधवारी व्यायामवाली आली. तिनं टेपनं मांडी मोजली, वहीतला आधीचा आकडा बघितला आणि पुन्हा मोजली. "दोन किलो तीस वेळा निघतंय म्हणता? मग मांडी एवढी कमी कशी भरली?"

मुलगा घाईनं म्हणाला, "वय झालंय ना तिचं."

"असेल. पण आजी, मी सोमवारी येते. तोवर जिना नको." जाता जाता दाराशी तिच्या हातातली पिशवी मला लागली. थोडं खाली बघितलं असतं तिनं, तर माझ्या डोक्यावरचा दोनाचा आकडा दिसला असता.

रविवारी गाडी आली. लेक जिन्याशी खाली उभी राहिली आणि काटाबाई दुकानातल्या जुन्या चपला घालून वर दारात उभी राहिली, अगदी माझ्याशेजारी.

"आई, थांब ना," मुलगा म्हणाला. "सोमवारी व्यायामवाली येईल, मग..."

"सोमवारी मी दुसऱ्या गावात असेन. सर बाजूला."

तो बाजूला सरला. बोल की, मी आतल्या आत ओरडत होते, मेल्या, आता तरी बोल! पण मुकं असायला लोखंडाचंच असावं लागतं असं नाही.

तिनं कठडा धरला. पहिली पायरी. दुसरी. खालून लेक म्हणाली, "अगंबाई, खरंच की!" आणि तिसऱ्या पायरीवर, तो पाय खाली टेकून दुसरा उचलताना, मांडी थरथरली आणि गाठ सुटल्यासारखी ढिली पडली. ती धपकन पायरीवर बसली. मुलानं झेप घालून खांदा धरला म्हणून गडगडत गेली नाही. हाड मोडलं नाही. पण तिला उठता येईना. वर तीन पायऱ्या, खाली पंधरा, आणि दोन्हीकडे जायला पाय नाही.

तिनं दोन्ही हातांनी मांडी चाचपली. "तीस वेळा उचललं होतं मी," ती हळूच म्हणाली. एवढा बारीक आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता तिचा.

मुलानं तिला उचलायला हात पुढे केले. तिनं ते धरले नाहीत. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाचे चेहरे बघण्यात हयात गेलेली बाई ती. "पिशवी आण," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरातल्या जुन्या वस्तूंवरून वर्षातून एकदा तेलाचं फडकं फिरवा. आणि कुणाला ओझं झेपत नसेल तर खुशाल कमी द्या, पण किती दिलं ते सांगून द्या. अर्धा किलो म्हणून अर्धाच किलो बांधला होता ना, तेव्हा तिचा पाय खरोखर भरत होता.

मुलानं पिशवी आणली. तिनं ती तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. एवढंच. उसवून बघावीही लागली नाही.

"एक किलो," ती म्हणाली. "आणि चिंध्या."

"आई, तू जेवत नव्हतीस गं. मला बघवेना, म्हणून..."

तिनं पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि वर दाराशी पडलेल्या माझ्याकडे बघितलं. आवाज मोठा नव्हता, पण खाली लेकीला आणि दुकानातल्या सुतारालाही ऐकू गेला.

"या हातानं चाळीस वर्षं कुणाला एक खिळा कमी तोलला नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच पायाला, माझ्या पोटच्या पोरानं किलोभर कमी बांधलं. दया आली होती ना तुला? मग समोर बसून रडायचं होतंस माझ्याबरोबर. सहावर थांबले होते मी. सातवा मीच काढला असता. जा, दाराशी खरं वजन पडलंय. आधी ते उचल. मग मला."