अपुरी रेघ

दुकानदाराने काउंटरवर सातवा ब्रश ठेवला आणि त्याचा धीर सुटला. "अहो पेंटर, ब्रश निवडताय की जावई?"

पेंटर हसला नाही; दोघा भावांतला हा धाकटा. त्याने ब्रशचे केस तळहातावर दाबून सोडले. ते झटकन सरळ झाले. टोकही हवं तसं तिरकं कापलेलं होतं. मग मुठीत धरून त्याने केस ओढले, तर एक हाती आला. त्याने ब्रश परत केला. आठव्याचा एकही केस सुटला नाही, तरी त्याने तो आणखी दहादा ओढून पाहिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि याचं तर काळीज पोळलं होतं.

वर्षापूर्वी याच कामासाठी त्याने रस्त्यावरच्या ढिगातला ब्रश न बघता उचलला होता. "रेघच तर ओढायचीय," म्हणाला होता. थोरला भाऊ, दादा, स्वतःच्याच घरात झोपायची खोली रंगवत होता. छत आणि भिंत मिळतात तिथली रेघ ओढताना ब्रशचा एक केस ओल्या रंगात चिकटला. दादाला असली घाण खपायची नाही. केस काढायला तो बाजूला झुकला आणि शिडीवरून खाली आला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, तोल गेला. धाकट्याने ब्रशाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

वहिनी तेव्हापासून त्या अपुऱ्या रेघेखाली झोपत होती. काल म्हणाली, "भावोजी, तेवढी पुरी करा. मला सारखं वाटतं, हे अजून वरच उभे आहेत."

नवा ब्रश घेऊन तो शिडी चढला. फरशी उतरती असल्याने शिडी डुगडुगत होती, म्हणून वहिनीने ती खालून धरली. रेघ थांबली होती तिथे, वाळलेल्या रंगात, तो केस तसाच होता. धाकट्याच्या अंगावर काटा आला. नखाने खरवडला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण हात उचलवेना.

"वहिनी, दादाचा तोल उगाच नाही गेला," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "भिकार ब्रश मी आणला होता." आणि त्याने केसासकट सगळं सांगून टाकलं.

त्याने केस उचकटून काढला, ब्रश रंगात बुडवला, श्वास रोखला आणि ब्रश भिंतीवरून ओढला. रेघ थेट कोपऱ्यापर्यंत गेली. शिडी तसूभरही हलली नाही.

"तुम्ही धरलीत म्हणून जमलं, वहिनी."

"मी कुठे धरलीय?" तिचा रडवेला आवाज दारातून आला. "तुमचं ऐकलं तेव्हाच सोडली."

धाकट्याने खाली पाहिलं नाही. शिडी अजून घट्ट धरलेली होती, आणि धरणाऱ्यासमोर कोणत्या तोंडाने उतरायचं, हे त्याला कळेना.