धुरपद

"म्हन, मी येडी हाय."

रिसीव्हरमधलं पोरांचं खिदळणं गल्ल्यावर बसलेल्या धोंडुबाईपर्यंत आलं. पाठोपाठ तिच्या पंधरा वर्षांच्या मायाने फोनवरच्या पोराच्या आवाजात, त्याच हेलात म्हटलं, "मी येडी हाय."

"ठिव आदी त्यो फोन!" धोंडुबाई धावली. तोवर फोनसाठी थांबलेली गिऱ्हाइकंही हसली होती.

तासगावच्या स्टँडसमोर धोंडुबाईचं फोनचं दुकान. कानावर पडलेलं जसंच्या तसं माघारी म्हणायचं, ही मायाची बोलायला लागल्यापासूनची रीत. सांगलीच्या डॉक्टरांना या रीतीला नाव देता आलं नाही; शाळेतल्या पोरांनी दिलं: टेप. आणि फोनवर तर बोलणाऱ्याचं तोंडही दिसत नाही, मग पोरांना भीड कसली?

गिऱ्हाइकं हसली त्या दिवसापासून मायाचं तोंडच मिटलं. ताटावरून उठायची, भिंतीवर कपाळ आपटायची. "देवा, पोरगी तेवढी ऱ्हाऊ दे रं," धोंडुबाईचं एवढंच मागणं.

सप्ताह बसला. पोरीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून कीर्तनाला संगं नेली. टाळ कडाडले तशी मायाने कान दाबून डोकं गुडघ्यांत घातलं. बुवांनी ते पाहिलं. हात वर करून टाळ-मृदंग थांबवले आणि नुसत्या गळ्याने म्हटलं, "विठ्ठल."

गुडघ्यांतून आवाज आला, हुबेहूब बुवांचा. "विठ्ठल."

मागं कुणी बाई फिसकन हसली. "लागली बघा टेप!"

"टेप न्हवं, माउली," बुवा म्हणाले. "म्या म्हनायचं आन् तुमी माघारी म्हनायचं, ह्ये धुरपद. तुमाला हात जोडून म्हनाय लावावं लागतंय. हिला देवानं धुरपद दिऊनच धाडलीया. चला, आता तुमी म्हना."

आणि टाळांवाचून, मायाच्या संथ लयीत, अख्खा मांडव म्हणू लागला. धोंडुबाईच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण पोरीला गप्प करत आलो, आणि तिच्या आत हे धुरपद चाललं होतं!

दुसऱ्या दुपारी फोन वाजला. आई पोचायच्या आत मायाने उचलला.

"म्हन, मी येडी हाय."

मायाने ते माघारी म्हटलं नाही. मग बुवांच्या आवाजात, सावकाश म्हणाली, "विठ्ठल. चला, आता तुमी म्हना."

खिदळणं थांबलं. पण पलीकडे फोन कुणी ठेवला नाही. माया डोळे मिटून वाट बघत उभी राहिली. रिसीव्हर ओढायला गेलेला हात धोंडुबाईने मागे घेतला आणि दुसऱ्या हाताला जोडला.

दारात आलेल्या गिऱ्हाइकाने पायांतल्या चपला बाहेरच काढल्या.