बिजागरीपाशी जरा सैल

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. लांबी वीतभर, रंग लाल, पोटात तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा. मी आणि माझ्या तिघी बहिणी एका लाकडी पेटीच्या बिजागरीपाशी राहतो. जुनी असले तरी अजून कामावर आहे, हे आधीच सांगून टाकते.

ही पेटी बाबांची. बाबांनी जन्मभर लोकांचे रेडिओ बोलते केले, आणि घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचाच आवाज गेला. त्यांची लेक शिवणकाम करते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने त्यांच्या आवाजात तीन वाक्ये रेकॉर्ड करून ठेवली होती. मग बाबांकडूनच शिकलेल्या विद्येवर तिने ही पेटी जुळवली. झाकणात तीन बटणांचा बोर्ड, तळाशी आवाजाचा बोर्ड.

दोन्ही जोडायला तिने आधी पोटात एकच जाड तार असलेल्या वायरी घेतल्या आणि कपडा बेतावा तशा अगदी मापात कापल्या. कुठे सुरकुती म्हणून नाही. झाकण रोज उघडून मिटून आठवड्यात त्या तुटल्या, आणि नेमका तेव्हाच दूरगावच्या नातीचा फोन आला. बाबा बटण दाबत राहिले. त्यांचा आवाज गेल्याचे नातीला कोणी सांगितले नव्हते; आजोबा रुसले असे समजून तिने फोन ठेवला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर लिहिले, "बाही एवढी तंग शिवतेस का?" लेक ओशाळून हसली. मग बाबांनी डब्यातली एकेक वायर बोटावर पन्नास वेळा वाकवून पाहिली. मी टिकले, म्हणून मी आणि माझ्याच गुंडाळीतल्या बहिणी कामाला लागलो.

लेकीने माझी टोके सोलून सोल्डरच्या, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या, चकचकीत थेंबात बसवली. त्या थेंबाजवळ तार ताठ होते आणि हिसका बसला की तिथेच तुटते. म्हणून बाबांनी जरा मागे मला पट्टीने बोर्डाला बांधायला लावले, आणि बिजागरीपाशी एक सैल वळण ठेवायला लावले.

रविवारी फोन वाजला. लेकीने तो पेटीजवळ धरला.

"आजोबा, अजून रुसलाय का?"

बाबांनी झाकण उघडले. मी वाकले. त्यांनी तिसरे बटण दाबले. मित्रांनो, मी आवाज वाहत नाही, फक्त बोटाचा दाब खाली पोचवते. पण त्या क्षणी माझ्या अंगातून जे गेले, त्याचे मला आजही नवल वाटते. कारण खालून बाबाच बोलले, "बोल गं, चिमणे."

 पलीकडून बारीक आवाज आला, "परत म्हणा ना."

बाबांनी ते बटण अकरा वेळा दाबले. लेक फोन तसाच धरून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

तेव्हापासून मी किती हजार वेळा वाकले असेन, कोण जाणे. तुम्हीही कधी दोन बोर्ड जोडाल, तेव्हा आमच्यासारखीला थोडी सैल ठेवा आणि हिसका देऊन ओढू नका. पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते.