अर्ध्या पिशवीचं गाऱ्हाणं

“अक्षर न् अक्षर वाचून आणलीय मी ती!” मालक ओरडले.

ती म्हणजे मी. गवताच्या बियांची पिशवी बोलतेय. मालकांनी माझी मानगूट धरली होती, मालकीणबाईंनी बूड. अर्धी मी आधीच संपले होते. उरलेली अर्धी मागच्या अंगणात पेरायची की नाही, यावरून सकाळपासून जुंपली होती.

माझा जन्म उघड्या माळावरचा. डोक्यावर दिवसभर ऊन, पायाखाली कोरडी माती. मळणी झाली, चाळणी झाली, तोंड शिवलं आणि मी दुकानाच्या फळीवर येऊन बसले. शेजारी सावलीतल्या गवताची पिशवी होती. बारीक पात्याचं, अंगावर बोटभर धूळ. मी तिला बघून नाक मुरडायची. खोटं कशाला बोलू?

मालक जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासणारे. एक अनुस्वार चुकला तर अख्खा गठ्ठा परत पाठवायचे. दुकानदारीण म्हणाली, “काका, जागा कशी आहे ते सांगा, बी मी काढून देते.”

“मला वाचता येतं, बाई.” चष्मा चढवला, मला उलटंपालटं केलं, पाठीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला काखोटीला मारलं.

घरामागे पाहते तर काय! उंच भिंत, डोक्यावर झाडाची फांदी, माती पिळून घ्यावी इतकी ओली. उन्हाचा कवडसा औषधाला नाही. माझी अर्धी लेकरं तिथे कुजली. चार-दोन उगवली, त्यांनी मान काढून बघितलं आणि आडवी झाली. फोफावलं ते शेवाळं. त्यावरून मालकीणबाई कपडे वाळत घालायला जाताना दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. प्लास्टर उतरलं, राग उतरला नाही.

“अहो, तिसऱ्यांदा पडले तर मला उचलायला तुमचा अनुस्वार येणारय का? सावलीचं बी आणा. फांदी छाटा, पाण्याला वाट काढून द्या.”

“अगं, हे सावलीचंच आहे! छापलंय!”

“कुठे?”

मालकांनी ऐटीत माझ्या पाठीवर बोट टेकवलं. मी शरमेने चुरगळले. तोंड शिवलेलं नसतं तर दुकानातच बोंबलले असते! शिकल्यासवरल्या माणसांनो, वाचा, खुशाल वाचा. पण समोर जाणती बाई उभी असेल तर एकदा तिला विचारा. आणि माझं जे काही उरलंय, ते उन्हात न्या. या चिखलात मरण नको.

मालकीणबाईंनी मला हिसकून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्याने वाचलं, “सावलीत, थंड जागी ठेवावे.”

“बघ!” मालक म्हणाले.

त्यांनी बघितलं. माझ्याकडे नाही, मालकांकडे. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

“अहो, खोकल्याच्या बाटलीवरही हेच लिहिलंय, मग ती काय झाडाखाली उभं राहून प्यायची?”