रक्त कुठून येतं

सकाळी नऊला सोमारी कुर्माघराच्या दारात पडली.

कुर्मा म्हणजे पाळी; त्या दिवसांत बायका राहतात ती ही गावाबाहेरची झोपडी. पुरुषानं तिच्याजवळ जायचं नाही. दसरू गेला, बायकोला उचलून त्यानं बंडीत घातलं. सूरजागडच्या डोंगराखालून बंडी निघाली तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. कोणी हातही लावला नाही.

सोमारीची पाळी जाऊन वर्षं लोटली होती. धान कापणीच्या वेळी तिनं रक्त दिसल्याचं सांगितलं आणि म्हाताऱ्यांनी तिला झोपडीत धाडलं. बुढी पुन्हा पोरगी झाली, अशी शेजारच्या सुकरीनं थट्टा केली. दसरूही हसला होता. पण रक्त थांबेना. काही दिवस घरी, पुन्हा झोपडी. मोहफुलं वेचून झाली तरी तेच. तो दगडावर भात ठेवायचा आणि मागं न बघता परतायचा.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त आपोआप जातं की लघवीतून? सोमारीला मराठी येत नव्हती. गोंडीत दसरूलाच विचारावं लागलं. उभ्या जन्मात त्यानं तिला असलं काही विचारलं नव्हतं.

"मुतातून," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"रगत म्हनलं, तं साऱ्यायनं झोपडी दाखवली. कुठून येते, ते कोनी इचारलं?"

नागपूरला लघवीच्या पिशवीत नळी घालून तुकडा काढला. कॅन्सर निघाला, तोही पिशवीत क्वचितच सापडणारा. असा बहुधा आतड्यात होतो. म्हणून डॉक्टरांनी आधी आतडी तपासली. ती स्वच्छ होती. गाठ पिशवीतच उपजली होती. आता अख्खी पिशवी काढावी लागेल, असं ते म्हणाले. आधी आली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. दसरूनं विचारलं नाही.

त्यानं सोमारीला सगळं समजावलं. तिनं विचारलं,

"म्हंजे हे कुर्मा नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग मले घरातच झोपता आलं असतं."

दसरूनं तिचं पांघरूण उगाच सारखं केलं.

संध्याकाळी पुन्हा रक्त गेलं. सोमारी खाटेवरून उतरली आणि व्हरांड्यात जाऊन बसली. दसरू मागं गेला, तर तिनं हातानंच त्याला लांब थांबवलं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं आहे. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.