मदनसिंगची लहानी

मदनसिंगने दुसरी बाई ठेवली आहे, ही बातमी गोमतीबाईला केनवडच्या बाजारात मिरच्या निवडताना कळली. बातमी आणली ललिताबाईने. ललिताबाई तांड्यावरची शेजारीण. दुसऱ्याच्या घरातला धूर तिला स्वतःच्या चुलीच्या आधी दिसायचा.

"बाई, मले चहाडी करता येत नाही," ती म्हणाली आणि लगेच सुरू झाली. "तुहा नवरा मांगीलालच्या दुकानात बोलून राह्यला होता. म्हणे, लहानी लय रडते. काई पाजलं तरी उगी राहत नाही. मोठीची काळजी नाही म्हणे, मोठी दणकट हाये. पण लहानीले जपा लागते."

गोमतीबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली. एका नवऱ्याच्या दोन बायका असल्या की पहिली मोठी आणि दुसरी लहानी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ती दणकट होतीच. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. दुसरी बायको करायला आता बंदी आली, असा कायदा दिल्लीत झाला होता म्हणे. पण दिल्लीहून तांड्यावर यायचा रस्ता फार खराब होता. सासू तर तोंडावर म्हणायची, मदन, दुसरी पाह्य. तो नुसता हसायचा. तो का हसायचा, ते आज कळलं, असं गोमतीबाईला वाटलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग एकदा संशय घरात शिरला की त्याला पुरावे शोधायला लांब जावं लागत नाही. मदनसिंग हुकूमचंद सेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता. लढाई संपल्यावर फौजेने लिलावात काढलेली ती डॉज गाडी. पुढे दोघांची जागा, मागे माल टाकायला उघडी पेटी. आठवड्यातले कितीतरी दिवस तो सेठच्या गोदामावरच राहायचा. घरी आला तरी भाकरीचा तुकडा हातात धरून कुठेतरी बघत बसायचा. आणि घोंगडी! इंझोरीहून आईने दिलेली तिची घोंगडी. तिची एक पट्टी कोणीतरी कात्रीने साफ कापून नेली होती. उंदराला कात्री धरता येत नाही. माझ्या माहेरची ऊब कापून त्या सटवीला नेऊन दिली, गोमतीबाई मनात म्हणाली. मिरच्या तिथेच टाकून, फेटियाचा, म्हणजे तांड्यावरच्या घागऱ्याचा, घेर एका हाताने उचलून ती तरातरा गोदामाकडे निघाली. बाजार आटोपून घ्यावा असं काही तिला वाटलं नाही. ललिताबाई अर्थातच मागून आली.

गोदामाच्या अंगणात गाडी उभी होती आणि गाडीखालून मदनसिंगचे दोन पाय बाहेर आले होते. तो कोणाशी तरी बोलत होता. आवाज इतका मऊ, की गोमतीबाईला आपल्या लग्नाचे पहिले महिने आठवले.

"एवढी काहून रडतं माय? हे बांधून देतो तुले. मंग नाही गळणार."

गोमतीबाईने दोन्ही पाय धरले आणि नवऱ्याला ओढून बाहेर काढलं. "कुठी हाये ते? काढ बाहेर! झिंज्याच उपटतो तिच्या!"

मदनसिंगच्या तोंडावर तेल, हातात घोंगडीची पट्टी. तो बिचारा बघतच राहिला. "कोणाच्या झिंज्या?"

"लहानीच्या!"

तो एवढा हसला की त्याला उठता येईना. गोदामातले हमालही हसले. मग त्याने बायकोला वाकायला लावून गाडीच्या पोटातल्या दोन लोखंडी पेट्या दाखवल्या. पुढची मोठी, ती गिअरची. तिच्या मागे लागूनच एक लहानी. ही लहानी इंजिनचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून देते, म्हणून जिथे बैल गुडघाभर रुततो अशा काळ्या मातीतून ही गाडी निघते. तिच्या दात्यांची झीज झाली होती, तोंडावरचं वेष्टण फाटून तेल गळत होतं, आतल्या बेअरिंगच्या गोळ्या ढिल्या पडून ती चालताना रडत होती.

"आधीच्या ड्रायव्हरनं वाटोळं केलं तिचं," मदनसिंग म्हणाला. "पुढची चाकं चिखलात लावा लागते, पक्क्या सडकेवर सोडा लागते. त्यानं सडकेवरही लावून ठेवली. तिच्या अंगात पीळ बसते ना मंग! सांगते कोणाले ते? आतल्या आत झिजते."

ललिताबाई हिरमुसून परत गेली. गोमतीबाईही हसली. घरी येईपर्यंत हसत होती. चूल पेटवताना मात्र तिचं हसू थांबलं. आतल्या आत झिजते, हे त्याला कळत होतं तर!

खरं सांगायचं तर बाई असती ती बरी होती. बाईशी भांडता येतं, तिला पंचांपुढे उभी करता येते, निदान तिच्या आईबापांचा उद्धार करता येतो. लोखंडाच्या पेटीला आईबाप कुठले? आणि या पेटीचा बारीकसा आवाज बदलला तरी मदनसिंगला समजायचं. गोमतीबाईला पोळ्यापासून खोकला होता, तो काही त्याच्या कानावर गेला नव्हता. एकदा तिने मुद्दाम दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. बघू, विचारतो का. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आज लय शांत होती." तिचं मन भरून आलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "जाडं तेल मानवलं तिले."

गोमतीबाईने वरणाचं भांडं असं आपटलं की सासू उठून बसली.

मदनसिंगचाही जीव टांगणीला होता, हे ती जाणून होती. हल्ली चढावर लहानीचा दांडा, पुढच्या चाकांना जोर जोडणारा, आपोआप सुटायचा, पुढची चाकं मोकळी व्हायची आणि गाडी मागे घसरायची. त्याने दांडा दोरीने बांधला, तर दोरी तुटली. सेठ म्हणाले होते, आता एकदा जरी माल नाल्यात गेला तर गाडी भंगारात आणि तू घरी. गाडी भंगारात जाणार, हे ऐकून गोमतीबाईला झालेला आनंद तिने कोणाला सांगितला नाही. तू घरी, हे तर तिने मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

किन्हीराजाहून सरकीची पोती आणायची होती. तिथे गोमतीबाईची मावशी राहायची. मावशीला भेटते म्हणून ती गाडीत बसली. खरं म्हणजे तिला सवतीबरोबर एकदा प्रवास करायचा होता. जाताना गाडी रिकामी होती, वाटेतला नाला सहज ओलांडला. येताना पोत्यांनी गच्च भरलेली गाडी नाल्यात उतरली आणि समोर चढ बघून मदनसिंगचा चेहरा उतरला.

"दांडा धरून ठेवा लागते," तो म्हणाला. "माहे दोन्ही हात स्टेरिंगवर राहीन."

"मी धरीन."

दांडा दोघांच्या मधोमध होता. गोमतीबाईने तो दोन्ही हातांनी पकडला आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबला. गाडी चढाला लागली. खालून रडणं सुरू झालं, मग ते रडणं किंकाळीवर गेलं. दांडा तिच्या मुठीत थरथरायला लागला, सुटायला बघायला लागला. कोपरापर्यंतचा चुडा खडखड वाजत होता. सवतीची वेणी अखेर हातात सापडली होती, पण उपटायची नव्हती, सांभाळायची होती.

"धर माय, धर! सोडू नको, माही लहानी! एवढा चढ पार कर!" मदनसिंग ओरडत होता. बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

सोडून द्यावा, असं गोमतीबाईला मनापासून वाटलं. बोटं जरा ढिली केली की संपलं. सेठ गाडी भंगारात टाकतील आणि नवरा घरी येऊन बसेल, माझ्यासमोर, माझं ऐकत. तिने बोटं ढिली केलीही. दांडा उसळला, गाडी मागे कलली, आणि मदनसिंगच्या तोंडून असा आवाज निघाला की तिने पुन्हा झडप घालून दांडा दाबला. तळहाताचं कातडं सोलून निघालं. तिने सोडला नाही. गाडी वर आली.

सपाटीला आल्याबरोबर मदनसिंगने इंजिन बंद केलं. घाम पुसला. मग वाकून खालच्या पत्र्यावर प्रेमाने थाप मारली. "शाबास! लाज राखली लहानीनं!" तेलाचा डबा घेऊन तो उतरला आणि गाडीखाली शिरला.

गोमतीबाई आपल्या जागी बसून राहिली. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले होते, लाल, ओले. तिने ओठ दाबून धरले, पण रडू काही थांबेना. बारीक, नाकातून यावा तसा सूर निघत राहिला.

खाली मदनसिंगचे हात थांबले. त्याने पेटीला कान लावला असावा.

"इंजन तं बंद हाये," तो खालून म्हणाला. "तरी हे कशी रडून राह्यली?"

"मोठी व्हय ते," गोमतीबाई म्हणाली.

खाली तेलाचा डबा ठेवल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला, दाराशी उभा राहिला. आपल्याच घरात चुकून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघायला लागला. "हात दाखव," तो म्हणाला.

तिने हात पदराखाली घेतले. "पह्यले तिचं पाह्य."

तो घुटमळला. त्याने हात पुढे केला, तो तेलाने काळा होता, म्हणून मागे घेतला. खाली टपटप तेल गळत होतं, सेठची सरकी वर होती, आणि केनवड अजून लांब होतं.

मदनसिंग पुन्हा गाडीखाली शिरला.